तात्यांच्या बोटाखालचा शब्द

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते आणि इंग्रजी पुस्तकही एकच होतं. ती एक डिक्शनरी होती. वजनाला पाटा परवडला, अशी. निजामाच्या राज्यात परळीकडे कुठल्याशा साहेबाचा बंगला होता. साहेब गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. आमचे आजोबा त्या लिलावात एक आरामखुर्ची आणायला गेले होते. खुर्ची दुसऱ्यानं उचलली, म्हणून रागारागानं हे पुस्तक घेऊन आले. पुढे त्यांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, मी पुस्तकासाठीच गेलो होतो. पहिली वीस-पंचवीस पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे ते कुणी छापलं आणि कधी छापलं हे फक्त वाळवीलाच ठाऊक. पण ते फार म्हणजे फार जुनं होतं, एवढं आज मला सांगता येतं. त्यात शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' थेट 'एफ'सारखा दिसायचा, आणि मी सूर्याला बरेच दिवस 'फन' म्हणत होते. म्युझिक, पब्लिक अशा शब्दांच्या शेवटी एक जादा 'के' असायचा. आमच्या घरात तो जादाचा 'के' फार मोलाचा मानला जाई. शहरातल्या लोकांना तो माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, याचा सगळ्यांना अभिमान होता. विशेषतः ज्यांना ए बी सी डीसुद्धा येत नव्हती, त्यांना जास्त.

घरात चालायचं तात्यांचं. तात्या म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. वडील दिवसभर शेतात, आणि संध्याकाळी घरी आले तरी शेतातच असल्यासारखे गप्प. तात्या उर्दू चौथी शिकलेले होते. गावच्या सोसायटीचे, शाळेच्या कमिटीचे आणि ज्या ज्या गोष्टीला चेअरमन असू शकतो तिचे ते चेअरमन होते. इंग्रजी त्यांना अजिबात येत नव्हती. हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि साऱ्या गावानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुस्तक मात्र तेच उघडायचे. हात धुऊन, लाल कापडावर ठेवून, चष्मा पुसून ते पान उलटायचे आणि मग माझ्याकडे सरकवायचे. "वाच गं शशे. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय." तो नंबर मला कळायला लागल्यापासून बदलत होता.

सातवीत असताना गुरुजींनी माझ्या वहीतला 'म्युझिक'च्या शेवटचा 'के' लाल शाईनं खोडला. मी रडत घरी आले. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं एक भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल, असं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "खा. अक्षर गेल्यानं कुनी मरत न्हाई." पण तात्यांनी ऐकलं होतं. ते पुस्तक काखेत मारून शाळेत निघाले, मागून मी, आणि माझ्यामागून निम्मी रिकामटेकडी गल्ली.

"गुरुजी, ह्यो के कावून खोडला?"

"तात्या, आता तसं लिहीत न्हाईत."

"आता म्हंजे कवापासून? आमाला कुनी कळवलं न्हाई."

आपली बदली कमिटीच्या हातात आहे असा गुरुजींचा समज होता. तेव्हा त्यांनी फळ्यावर स्वतःच्या हातानं 'के' लिहिला. दोन महिने अख्खी सातवी म्युझिकला आणि पब्लिकला 'के' लावत होती. मग तपासणीला साहेब आले. त्यांनी वह्या बघितल्या, काही बोलणार एवढ्यात जेवायला बोलावणं आलं. जेवण आमच्याच घरी होतं: येसराची आमटी, धपाटे, वर दह्याची कवडी. त्यानंतर 'के'वर कसलाही शेरा आला नाही. इंग्रजी भाषा जगभर कशी पसरली यावर मी पुढे कॉलेजात छत्तीस वर्षं व्याख्यानं दिली. आमच्या गावात ती कशी अडवली गेली, हे मात्र कधी सांगितलं नाही.

स्पेलिंगपेक्षा अर्थांची गंमत मोठी होती. त्या पुस्तकात 'ऑफुल' म्हणजे ज्याच्यापुढे भीतीनं आणि आदरानं मान झुकावी असा. तात्यांना हा शब्द इतका आवडला की तहसीलला पाठवायच्या प्रत्येक अर्जात त्यांच्या नावामागे मी तो लिहायचे. तहसीलमधल्या कारकुनाला इंग्रजी चांगली येत असे, 'ऑफुल' म्हणजे भयंकर हा आजचा अर्थही. त्यानं एकदाही हरकत घेतली नाही. त्याला ते पटलं असावं. आज हे आठवून मी हसते, पण फार हसायचं कारण नाही. परवा माझी नात मी केलेले उकडशेंगोळे खाऊन म्हणाली, "आजी, यू आर सिक." मी घाबरून स्वतःचा हात स्वतःच्या कपाळाला लावून पाहिला. तिच्या मते ती माझी तारीफ करत होती. शब्द असे चालतच राहतात, त्यांना कमिटी नसते.

आता या पुस्तकाचा खरा उपयोग सांगते. आमच्याकडे मुलगी दाखवायची रीत सगळीकडे होती तशीच होती. मुलीनं ताट घेऊन यायचं, खाली मान घालून बसायचं, नाव-गाव-शिक्षण सांगायचं, चालून दाखवायचं. पण तात्यांनी तिला एक जोड दिली होती. आमच्या घरात मुलाचीही परीक्षा व्हायची. चहा झाला की तात्या पुस्तक मागवायचे, डोळे मिटायचे, मध्येच कुठंतरी उघडायचे आणि बोट ठेवायचे. बोटाखाली येईल तो शब्द मी मोठ्यानं वाचायचा. मुलानं अर्थ सांगायचा. मग तात्या माझ्याकडे वळून विचारायचे, "काय गं, बरोबर का?" मी पुस्तकात बघून 'हाव' किंवा 'न्हाई' म्हणायचं. तात्यांच्या स्वतःच्या दोन मुली याच पुस्तकातून उजवल्या होत्या. थोरल्या जावयानं 'घोडा' म्हणून सांगितलं होतं आणि पुस्तकात 'गाढव' होतं. "जवळपास बरोबर हाय," असा निकाल तात्यांनी दिला होता. थोरल्या जावयाची बारमाही पाण्याची जमीन होती, पण त्याचा आणि गाढवाचा संबंध तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

मी नववीत होते आणि मला या कामाची चटक लागली होती. ती कबूल करायला आता कसली लाज? आमच्या बैठकीत बाया येत नसत. मायनं तो उंबरा सणावारी झाडण्यापुरता ओलांडलेला. काकूंना काही सांगायचं असलं तर त्या दाराआडून बांगड्या वाजवायच्या. आणि मी तात्यांच्या शेजारी जाजमावर बसलेली. समोर दहा-बारा बाप्ये, कुणाचा पटका, कुणाची टोपी, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले. बाहेर पिठाच्या गिरणीचं पुकपुक तेवढं ऐकू यायचं. त्या थांबण्यासाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंही.

त्या वर्षी माझ्या अक्काचं बघायला सुरुवात झाली. अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण सुमन, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सातवीपर्यंत शिकून घरी बसलेली. दिवाळी होऊन गेली होती. निम्मं गाव ऊसतोडीला गेलं होतं, घराघरांना कुलपं, शाळेत हजेरीच्या वेळी गुरुजी नावं घ्यायचे आणि बाकं उत्तर द्यायची. मागे उरलेले म्हणजे म्हातारे, आमच्यासारखे जमीनवाले आणि तात्यांच्या बैठकीतले लोक. अशा रिकाम्या दिवसांत सिरसाळ्याच्या शाळेत नोकरीला असलेला एक मास्तर अक्काला बघायला आला. सोबत त्याची आई आणि मामा; आई आत मायजवळ बसली. मामा आमच्याच गावचा, वरच्या आळीतला. मास्तराला जमीन अशी तीन एकर, तीही माळाची.

चुरमुऱ्याचा सुशीला केला होता, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. पितळेच्या मोठ्या परातीत सहा ताटल्या मांडून अक्का आली. परात जड होती आणि खाली मान घालायची म्हणजे ती ठेवायची कुठं ते दिसत नाही. मास्तर उठला. सरळ पुढे झाला, तिच्या हातातून परात घेतली, स्वतः जाजमावर ठेवली आणि परत आपल्या जागी बसला. तात्यांनी खिडकीतून बैलांकडे बघितलं. नंतर स्वयंपाकघरात अक्का मला म्हणाली, "परत येताना हात मोकळेच गं. मला समजंना हातांचं काय करावं." असं म्हणून ती पाण्याच्या रांजणापाशी उगाचच उभी राहिली. मी तिला एवढी खुशीत त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मग पुस्तक आलं. तात्यांनी डोळे मिटले, बोट ठेवलं. मी वाकून बघितलं आणि वाचलं, "नाइस."

मास्तर हसला. त्याला वाटलं असेल की मुलाला सोपं म्हणून मुद्दाम काढलं. "नाइस म्हणजे छान. चांगला."

तात्या माझ्याकडे वळले. "काय गं, बरोबर का?"

बरोबर होतं. पाचवीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात तो शब्द होता, नाइस म्हणजे छान, पोरंसोरं घोकत फिरायची. पण माझ्या मांडीवरच्या पुस्तकात लिहिलं होतं, उगीच बारकावे काढणारा, नको तितका चिकित्सक. छान कुठंच नव्हतं. मला दोन्ही अर्थ माहीत होते, आणि त्यातला कुठला आज चालतो हेही नक्की माहीत होतं. दाराआड अक्काच्या बांगड्या वाजल्या. मास्तराचा मामा पुढं वाकला. गिरणी पुकपुक करत होती. 'हाव' म्हटलं असतं तर सगळे लगेच हलले असते, पानसुपारी आली असती आणि कुणी माझ्याकडे परत बघितलं नसतं. मी थोडी थांबले, अजून थोडी थांबले, आणि म्हणाले, "न्हाई."

"पुस्तकात काय हाय?" मास्तरानं विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जुन्या पुस्तकात असेल तसं." याहून नेमकं उत्तर पुढे छत्तीस वर्षांत मला एकाही विद्यार्थ्यानं दिलं नाही.

"जुनं म्हंजे?" तात्या म्हणाले. "आमच्या वडलांचं हाय." पुस्तक मिटलं. मामाला त्यांनी दारापर्यंत पोचवलं, खांद्यावर हात ठेवून. "आमच्या मनात लई व्हतं हो, पर पुस्तकानं घात केला." मामा बिचारा मान डोलावत गेला. अक्का त्या दिवशी जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. मायनं तिला ओवा दिला.

महिन्याभरानं चकलांब्याकडचं एक स्थळ आलं. मुलाचा बाप ऊसतोडीचा मोठा मुकादम, शंभर कोयते, म्हणजे तोडकऱ्यांच्या शंभर जोड्या, त्याच्या हाताखाली, कारखान्यात ऊठबस. मुलगा जीपमधून आला. अक्कानं परात आणली तेव्हा तो जीपच्या किल्लीनं कान कोरत होता. परात तशीच तिच्या हातात, कारण कुणाचं बोलणं चालू होतं आणि ते तोडायचं कसं? शेवटी तात्यांनीच "ठेव, ठेव" म्हटलं. पुस्तक आलं. तात्यांनी बोट ठेवलं, मी वाचलं. कुठला शब्द होता तो आता आठवत नाही, कारण त्याचं काही कामच पडलं नाही. मुलगा बापाकडे बघून म्हणाला, "काहीतरी शेतीचं असंल."

"काय गं, बरोबर का?"

"न्हाई," मी म्हणाले. या खेपेला मी थांबले नाही. आवाजही मोठा लावला.

मुलाचा बाप हसला. "इंग्रजीला आमी मानसं ठेवलीत, चेअरमन."

तात्याही हसले. मनापासून हसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, शब्दांचे अर्थ बदलत असतेत." पुस्तक त्यांनी स्वतः मिटलं. पानसुपारी आली, गुरुवारी सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं ठरलं, आणि माझ्याकडे कुणी परत बघितलं नाही.

मंगळवारी दुपारी अक्का परसदारी शेंगा फोडत बसली होती. सुपारीच्या जेवणाला दाण्याची चटणी लागणार होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती वर न बघता म्हणाली, "शशे, एक सांग. त्या दिवशी मास्तराचं बरोबर व्हतं का?"

मी खोटं बोलू शकले असते, पण मला रडू आलं. "व्हतं," म्हणाले.

तिनं हातातली शेंग फोडून दाणे बाजूला टाकले. मग म्हणाली, "त्याचं अजून कुटं जमलं न्हाई म्हनं. त्याची मामी आडावर सांगत व्हती." आणि मग, अगदी हळू, "तात्यांना सांगशील का?"

मी उठले ती तशीच बैठकीत गेले. तात्या एकटेच होते, अडकित्त्यानं सुपारी कातरत. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "तात्या, मी खोटं बोलले. मास्तरांचं उत्तर बरोबर होतं. नाइस म्हणजे छानच." मला वाटलं होतं ते उठून थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. ते सुपारी कातरत म्हणाले, "मग मला काय ठाव न्हाई व्हय? नाइस म्हंजे छान, हे आपल्या सालगड्याच्या पोरालाबी कळतंय."

"मग?"

"मग काय? तीन एकर माळाच्या मानसाला पोरगी द्यायची व्हती? अन् त्याचा मामा वरच्या आळीतला, उद्या मतं मागायला त्याच्याच दारात जायाचं. त्याला तोंडावर न्हाई कसं म्हनावं? तू म्हनलीस, काम झालं. शाणी हायेस."

"मी 'हाव' म्हटलं असतं तर?"

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं होतं. "तर दुसरा शब्द काढला असता. पुस्तक लई जाड हाय."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. सुपारी गुरुवारी फुटायची होती आणि गुरुवारीच फुटली. अक्काचं लग्न थाटात झालं. तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. मोठं घर, तीन मुलं, दारात कायम गाडी. नवरा तिच्याशी बोलायचा ते बहुधा पाठ फिरवून, दुसऱ्या कुणाकडे तरी बघत. अजून जाते मी तिच्याकडे, नारायणगडाच्या यात्रेला आम्ही दोघी मिळून जातो, आणि वाटेत ती माझी पिशवी मला घेऊ देत नाही. मास्तर पुढे मुख्याध्यापक झाले असं ऐकलं. मी तात्यांच्याच शिफारशीवर अंबाजोगाईला कॉलेजात गेले आणि इंग्रजीच शिकले. घरातली शिकलेली मुलगी म्हणून माझे सत्कार झाले, आणि प्रत्येक सत्काराला तात्या पहिल्या रांगेत होते. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो माझ्यावरच, त्या जरा थांबून मग 'न्हाई' म्हणणाऱ्या मुलीवर, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही.

पण त्या मंगळवारी मी बैठकीतून निघाले ती पाय ओढत परसदारी आले. अक्का तिथंच होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला निकाल कळला असणार, तरी तिनं विचारलं, "काय म्हनले?"

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मामाची मतं, तीन एकर, दुसरा शब्द, जाड पुस्तक. ऐकताना तिचा हात थांबला होता. मला वाटलं, आता ही मला दोन शिव्या देईल, निदान उठून निघून जाईल. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला हसू आलं, तोंडाला पदर लावावा लागेल इतकं.

"म्हंजे तुलाबी कुनी इचारलं न्हवतंच की," ती म्हणाली. "मला वाटायचं, ह्या घरात मला एकटीलाच कुनी इचारत न्हाई."

आणि तिनं सुपातल्या निम्म्या शेंगा माझ्या पुढ्यात ओतल्या.